काय शिजतंय?

माणसानं खोटं केव्हा बोलावं, हा प्रश्न मोठमोठ्या लोकांना मोठमोठ्या ठिकाणी पडलेला आहे. धर्मराजाला तो रणांगणावर पडला. मला तो इंदापुरात, भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी, रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास पडला. धर्मराजाच्या हातात त्या वेळी शस्त्र असावं. माझ्या हातात अर्धी किसलेली नारळाची कवड होती. त्याच्यापुढे द्रोणाचार्य उभे होते, माझ्यापुढे आमच्या घरमालकीण आक्का. द्रोणाचार्य परवडले, असं मी त्या क्षणी म्हटलं असतं. आज म्हणणार नाही. का, ते सांगतो.

मी मूळचा बारामतीचा. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि चाळिशी उलटली तरी क्लार्कच राहिलो. यात माझा नालायकपणा नाही, मुत्सद्दीपणा आहे. प्रमोशन घेतलं की बदली होते, म्हणून प्रमोशन घ्यायचं नाही, असं माझं साधं धोरण. पण हे धोरण बदलीला कुणी कळवलं नव्हतं. २०२३ च्या जूनमध्ये ती प्रमोशनशिवाय एकटीच आली. बारामती ते इंदापूर अंतर पन्नासेक किलोमीटर. महिनाभर मी जाऊन-येऊन नोकरी केली. मग कंबरेनं तक्रार केली, आणि आम्ही इंदापुरात घर शोधू लागलो.

घर मिळालं ते आक्कांचं. मागं दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात तुळस, तुळशीच्या पलीकडं आक्का. वय सदुसष्टच्या आसपास, गळ्यात माळ. दर साली तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला आली की यांच्या अंगणात पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात. भाडं, डिपॉझिट, लाइटबिल सगळं दोन वाक्यांत आटोपून त्या म्हणाल्या,

"येकच अट. घरात मच्छी-मटन शिजवायचं न्हाई. भाईर काय खाता, ते पांडुरंग बघून घील."

वास्तविक यावर "बरं" एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. पण मी म्हणालो, "छे छे, आक्का, आम्ही खातच नाही."

आक्कांनी हे विचारलंच नव्हतं. पण भाडेकरू म्हणून चांगलं दिसावं, या हौसेनं मी न मागितलेलं खोटं आगाऊ भरून टाकलं. डिपॉझिट एक महिन्याचं आणि खोटं अकरा महिन्यांचं. शेजारी आमची ही उभी होती. ती वेंगुर्ल्याची. वेंगुर्ल्याच्या मुलीबद्दल "आम्ही खातच नाही" हे विधान म्हणजे नागपूरकर तिखट खात नाही, असं म्हणण्यापैकी आहे. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथं लिहीत नाही.

पहिले काही महिने निभावले. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी आम्ही हायवेनं भिगवणच्या बाजूला जायचो, ढाब्यावर चिलापी फ्राय खायचो, आणि परतताना बडीशेप चघळत सात्त्विक चेहऱ्यानं घरात शिरायचो. अट पाळली जात होती. खोटं तसंच होतं, पण ते पासबुकाच्या मागच्या पानावर पडून होतं. कुणी उलटून पाहत नव्हतं.

मग २०२३ च्या डिसेंबरात हिची आई गेली.

वेंगुर्ल्याहून परत आल्यावर ही जेवेनाशी झाली. म्हणजे ताटावर बसायची, भाताची मूद इकडून तिकडे करायची आणि उठायची. मी बोलून पाहिलं, गप्प बसून पाहिलं. फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री, दिवा मालवल्यावर, अंधारात ती म्हणाली, "आई कोळंबीच्या कालवणात शेवटी नारळाचं जाड दूध घालायची. ते गॅस बंद करून घालायची की आधी, हे मी कधी विचारलंच नाही."

एवढंच बोलली आणि कूस बदलली. मी बराच वेळ आढ्याकडे पाहत पडलो. हिशेब असा होता: एका बाजूला आक्कांना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला ही. बँकेत अशा वेळी एक सोय असते. जी रक्कम कुठल्या खात्यात घालावी हे कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकून झोपी जायचं. मी तसंच केलं.

सकाळी उजाडायच्या आत मोटारसायकल काढून भिगवणला गेलो. उजनीचा फुगवटा तिथपर्यंत येतो, त्यामुळं समुद्रापासून एवढ्या लांब, उसाच्या मुलखात, पहाटे पहाटे माशांचे लिलाव चालतात. त्या दिवसांत पुण्याची माणसं गळ्यात लांबलचक कॅमेरे अडकवून कुंभारगावाकडे रोहित पक्षी पाहायला जात असतात. त्या गर्दीत हातात कापडी पिशवी घेतलेला मी एकटाच. रोहित पक्ष्यांबद्दल एक गोष्ट मी पुढं वाचली. त्यांचा गुलाबी रंग म्हणे खाण्यातून येतो; शेवाळ आणि बारीक झिंग्यासारखे जीव पोटात जातात, आणि त्यांतला रंग पिसांवर उतरतो. काय खाल्लं ते अंगावर दिसतं! देवानं ही व्यवस्था भाडेकरूंना लागू केली नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

बाजारात चिलापीचे ढीग होते, कटला होता, रोहू होता. एका बाईच्या पाटीत कोपऱ्याला ओंजळभर झिंगे होते. गोड्या पाण्यातले, करंगळीएवढे, राखाडी. मी सगळे उचलले, डब्यात घातले, डबा ऑफिसच्या बॅगेत घातला. चोर पैसे घेऊन बँकेतून ज्या चेहऱ्यानं बाहेर पडत असेल, त्या चेहऱ्यानं मी अंगणातून आत आलो.

हिनं डबा उघडला. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून माहेरची भाषा निघाली. "ही कोळंबी? ही तर कोळंबीची बाळां! मी ह्यां सोलूक बसलंय तर दिवाळी येतली."

पण बसली. डोकं काढायचं, कवच सोलायचं, पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढायचा. मी दारं-खिडक्या लावल्या, मोगऱ्याच्या सहा उदबत्त्या पेटवल्या आणि खोबरं किसायला बसलो. तिनं ओलं खोबरं, धणे, ब्याडगी मिरच्या, हळद आणि लसूण यांचं गंधासारखं वाटण केलं. उरलेल्या खोबऱ्याचं दूध काढलं. पहिल्या पिळ्याचं जाड वेगळं, दुसऱ्या पिळ्याचं पातळ वेगळं. पातळ दुधात वाटण उकळलं, त्यात दोन आमसुलं टाकली आणि मग झिंगे सोडले. ते दोन मिनिटांत तांबडे झाले.

हा तांबडा रंग म्हणजे काय प्रकार आहे, तेही मी नंतर वाचलं. तो मसाल्याचा नसतो. झिंग्याच्या अंगात तो पहिल्यापासून असतो. अस्टाझँथिन असं त्या द्रव्याचं नाव. जिवंतपणी एका प्रथिनानं ते असं जखडून ठेवलेलं असतं की ते राखाडी-निळसर दिसतं. उष्णता लागली की प्रथिनाची गाठ सुटते आणि खरा रंग बाहेर येतो. म्हणजे झिंगा उकळत्या पाण्यात पडला की खरं सांगतो. माणसाचं नेमकं उलट आहे, हे पुढच्याच मिनिटात सिद्ध झालं.

खिडकीवर टकटक झाली. मी हातात नारळाची कवड घेऊन खिडकी बोटभर उघडली. बाहेर आक्का.

"काय शिजतंय, सायेब?"

"वांगं," मी म्हणालो.

"मुळा," त्याच क्षणी आतून ही म्हणाली.

क्षणभर शांतता. मग मी प्रसंगावधान राखून म्हणालो, "वांगं-मुळा. मिक्स."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, "बरं" म्हणाल्या, पदराखालचा ताकाचा तांब्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि निघून गेल्या. पाच मांजरं मात्र गेली नाहीत. पहिल्या तारखेला पेन्शनर बँकेपुढं बसतात, तशी ती आमच्या दाराशी शांतपणे ओळ धरून बसली.

गॅस बंद करून घातलेलं जाड दूध फुटलं नाही. ही दोन वेळा भात घेऊन जेवली. मी समोर बसून पाहत होतो. माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं, पण ते समाधानानं की भीतीनं, हे ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चार काटेरी वांगी आणि दोन मुळे.

"मळ्यातनं आलीत," आक्का म्हणाल्या. "तुमाला आवडत्यात न्हवं?"

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. मुद्दल एक वांगं, तेही तोंडी. व्याज दर आठवड्याला अर्धा किलो. आम्ही भरीत केलं, भरली वांगी केली, काप केले, वांगीभात केला. मुळ्याची कोशिंबीर डब्यात नेऊन मी शाखेतल्या निरपराध माणसांना वाटली. आणि प्रत्येक घासाला स्वतःशी युक्तिवाद केला: मी खोटं बोललो ते कुणाच्या नुकसानासाठी? एका माळकरी म्हातारीच्या भावना दुखावू नयेत म्हणूनच ना? युक्तिवाद उत्तम होता. एकच खोट होती. त्यात मन आक्कांचं राखलं जात होतं आणि घर माझं.

आमच्या शाखेतल्या कॅशियरनं एके काळी तत्त्वज्ञानाच्या एम. ए.चा फॉर्म भरला होता. त्याला मी, "एका मित्राचं असं झालं" म्हणून, हे सांगितलं. तो म्हणाला, "कान्ट वाच. कान्ट म्हणतो, खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र कुठं लपलाय असं विचारू लागला, तरी खोटं बोलू नये."

मी कान्टची चौकशी केली. हा जर्मन पंडित कोनिग्सबर्ग नावाच्या आपल्या गावाबाहेर फार लांब कधी गेला नाही. म्हणजे त्याची बदली झाली नव्हती. १७८३ साली त्यानं स्वतःच्या मालकीचं घर घेतलं, आणि कधीही खोटं बोलू नये हा निबंध लिहिला १७९७ साली. वाचकांनी क्रम लक्षात घ्यावा.

त्यापेक्षा आमचे मोरोपंत जवळचे. बारामतीत, नाईक सावकारांच्या आश्रयाला राहून, म्हणजे एका अर्थी आमच्याच धंद्यात राहून, त्यांनी अख्खं महाभारत आर्यांत उतरवलं. त्या महाभारतात धर्मराज अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं सांगतो आणि मेला तो हत्ती, हे हळू सांगतो. तोवर जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ तिथं धपकन खाली टेकतो. माझी मोटारसायकल जमिनीवरूनच चालत होती, त्यामुळं मला काही कळलं नाही. धर्मराजाच्या बाजूनं निदान एक हत्ती तरी मारून घेतलेला होता. मी वांगंसुद्धा घरात आणलेलं नव्हतं.

२०२४ चा उन्हाळा आला तो पाणी आटवत. उजनीचं गणित बँकवाल्याला चटकन समजण्यासारखं आहे. धरणाच्या पोटात ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं खालचं साडेत्रेसष्टच्या आसपास म्हणजे मृतसाठा, वरचं साडेत्रेपन्नासच्या आसपास जिवंत. मृतसाठ्याला हात घातला की धरण 'मायनस'मध्ये गेलं म्हणतात. आपल्याकडे ज्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात, तोच प्रकार. त्या वर्षी पावसाच्या तोंडाशी उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास पोचली. आणि इतकं पाणी खाली गेलं की जुन्या पळसदेवचं, पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं.

"सायेब," आक्का एका सकाळी म्हणाल्या, "देऊळ उघडं पडलंय म्हनत्यात. मला न्ह्याल का?"

आक्कांचं सासर जुन्या पळसदेवचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जवळजवळ वर्षभर आम्ही एका अंगणात राहत होतो.

रविवारी रिक्षा ठरवून आम्ही तिघं गेलो. धरण १९८० साली पुरं झालं. त्याआधी गाव उठून वर हायवेच्या बाजूला आलं. खाली उतरलो तर चिखल वाळून त्याच्या फरश्या झालेल्या, मधूनमधून शिंपले, फाटकी जाळी, आणि लांबवर एकटं दगडी देऊळ. पाहणारे तिकडेच चालले होते. आक्कांनी लांबूनच हात जोडले आणि त्या दुसरीकडे वळल्या. पन्नासेक पावलं सरळ, मग डावीकडे, मग थोडं उजवीकडे. समोर सगळं उघडं माळरान होतं. कुठूनही कुठंही जाता आलं असतं. पण त्या गल्लीतून वळावं तशा वळत होत्या.

एका ठिकाणी दगडांची ओळ चिखलातून जेमतेम वर आली होती. आक्का थांबल्या, खाली बसल्या आणि तळहातानं जमीन पुसली.

"हितं चूल व्हती माजी."

आम्ही दोघं उभेच राहिलो. काय बोलावं ते कळेना. थोड्या वेळानं, मान वर न करता, त्यांनी विचारलं,

"ते झिंगं कुटनं आनलं व्हतं तुमी?"

त्या क्षणी चिखलाची एखादी फरशी दुभंगून तिनं मला पोटात घेतलं असतं, तर मी आभारच मानले असते.

"भिगवणहून," मी म्हणालो. "आक्का, तुम्हाला..."

"ह्या चुलीवर किती येळा केल्यात म्या. नदी हिकडंच व्हती. गाव उठलं, मालक गेलं, तवा माळ घातली. माळ गळ्यात हाय, सायेब. नाकात न्हाई."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"दोन म्हैनं पोरगी अन्नाला शिवत न्हवती. रोज बघत हुते. म्हनूनच ताक घिऊन आल्ते. खिडकीतनं बघितलं तर वाटन वाटत व्हती. म्हनलं, शिजू दे." मग हिच्याकडे वळून, "जेवलीस न्हवं त्या दिशी?"

हिनं मान हलवली. तिला बोलता येत नव्हतं.

"पण मग वांगी?" मी विचारलं.

"तुमीच म्हनला, आवडतं," आक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं त्यावरून कळलं, की तीन महिने एक म्हातारी दर सोमवारी आपल्याशीच हसत होती. मग हसू मावळलं. त्यांनी हातानं दगडावरची माती झाडली.

"इचारलं असतं, तर घरात नगं म्हनले असते. पन अंगनाच्या कडंला चूल हाय की. सरपान बी हाय. म्याच पेटवून दिली असती. झिंग्याचं काय वाटलं न्हाई मला. तुमी वांगं म्हनला, त्याचं वाटलं. मला परकी धरली."

परतताना रिक्षात कुणी फारसं बोललं नाही. मी कान्टच्या खुन्याचा विचार करत होतो. खोटं बोलण्याची वकिली करायला निघालेला माणूस दारात नेहमी खुनीच उभा करतो, कारण खुनी उभा केला की वकिली सोपी जाते. इतक्या वर्षांत माझ्या दारात एकही खुनी आलेला नाही. आली ती ताकाचा तांब्या घेऊन आलेली बाई. आणि तिला मी खुन्याच्या जागी धरून उत्तर दिलं. तिच्या भावना दुखावतील, हे मीच ठरवलं. ती नाही म्हणेल, हेही मीच ठरवलं. तिचा निकाल मीच लिहिला, तिच्या नावानं सही मीच ठोकली, आणि व्हाउचर मीच पास करून टाकलं. दुसऱ्याच्या सहीनं पैसे काढले तर बँकेत त्याला काय म्हणतात, ते मला चांगलं माहीत आहे. मी आक्कांकडून खरं लपवलं, हा त्यातला लहान गुन्हा. त्यांची "हो" म्हणायची पाळी होती, ती मी परस्पर खाऊन टाकली, हा मोठा.

आता व्यवस्था अशी आहे. एकादशी, पालखीचे दिवस आणि श्रावण वजा जाता, महिन्यातून एखाद्या रविवारी अंगणाच्या कडेला चूल पेटते. पेटवून देतात आक्का. मग त्या दहा पावलांवर जाऊन, आमच्याकडे पाठ करून, वाती वळत बसतात. पाठ केल्यानं माळेचा मान राहतो. तोंड मात्र मोकळं असतं.

"झिंग्यात दूद कसलं घालतीस गं? कांदा, लसून, येसूर लाव की."

"आक्का, आमच्याकडे असंच करतात."

"मंग जाळ वढ म्हागं. फुटंल."

ही खरोखरच जाळ मागं ओढते, भांडं खाली उतरवते आणि मग जाड दूध घालते. आईला विचारायचं राहिलेलं असं कुणाकुणाकडून कळत जातं.

परवाच्या रविवारी मी सरपण घेऊन आलो, तेव्हा आक्कांनी पाठमोऱ्याच विचारलं, "काय शिजतंय, सायेब?"

"झिंगं, आक्का," मी म्हणालो.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वांगं-मुळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चार वांगी होतीच.